बागेचा पैसा कुठून येतो? कॉलनीच्या ओपन स्पेसपासून डोंगराच्या पायवाटेपर्यंत

कॉलनीतील मोकळ्या जागेवर बाग करायची असे ठरले, की पहिला अर्ज आमदारांच्या किंवा खासदारांच्या नावे लिहिला जातो. त्या अर्जात बाकडी, खेळणी, ओपन जिम आणि पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक एवढे मागितलेले असते. जागा कोणाच्या नावावर आहे, झाडांना पाणी कुठून येणार आणि दोन वर्षांनी झोपाळ्याची साखळी तुटली तर ती कोण बसवणार, याविषयी एक ओळही नसते. अशा अर्जातून उभी राहिलेली एक बाग मी जवळून पाहिली आहे. उद्घाटनाला मंडप घातला होता. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघाभर गवत माजले आणि तिसऱ्या वर्षी व्यायामाच्या साधनांजवळ मुलांना जाऊ देऊ नये असे आया एकमेकींना सांगू लागल्या. त्या बागेला पैसा मिळाला होता, पण तो ज्या क्रमाने मागायला हवा होता त्या क्रमाने कोणी मागितला नव्हता.

सार्वजनिक बाग असो वा चालण्याची वाट, तिला तीन वेगवेगळे खर्च असतात: जागेचा, उभारणीचा आणि देखभालीचा. पहिला खर्च बहुधा कागदपत्रांचा आणि चिकाटीचा असतो, दुसरा एकदाच होतो, आणि तिसरा बाग आहे तोवर दर महिन्याला उभा राहतो. शासनाच्या बहुतेक योजना दुसऱ्या खर्चासाठी आहेत, कारण त्यातून मोजमाप पुस्तिकेत नोंदवता येईल असे काम दिसते. तिसऱ्या खर्चासाठी फारसे कोणी पैसे देत नाही. म्हणूनच जे रहिवासी जागेचा कागद आणि देखभालीची सोय आधी दाखवतात, त्यांच्या अर्जाला अधिकारीही निराळ्या नजरेने पाहतात. कोल्हापुरात हे काम करू इच्छिणाऱ्यांना ही सगळी वाट एकदा नीट दिसावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

बागा नेहमी मागे का पडतात

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तिच्याबरोबर राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तीत आहेत आणि त्यांतील १२ वा विषय उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. तेव्हा बाग मागणे म्हणजे महापालिकेकडे काही जगावेगळे मागणे नाही. परंतु ज्या कायद्याने आपली महापालिका चालते, त्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कर्तव्यांचे दोन गट केलेले आहेत. सांडपाणी, कचरा, रस्ते, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर बागा आणि क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. तिजोरीत ओढाताण झाली की कात्री प्रथम ऐच्छिक कामांना लागते, आणि यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष शोधून उपयोग नाही.

कोल्हापूरची परिस्थिती त्यातही थोडी वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. स्मार्ट सिटी योजनेच्या शंभर शहरांत कोल्हापूर नव्हते, त्यामुळे त्या वाटेने सोलापूर किंवा पुण्याला जसा निधी आला तसा तो येथे आला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला आणि नगरसेवकामार्फत प्रभागात छोटी कामे करून घेण्याची सवयीची वाट त्या काळात बंद होती. शिवाय १९७२ साली महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही. उचगाव, पाचगाव यांसारखी गावे दिसायला शहरच झाली आहेत, पण तेथील कॉलन्या ग्रामपंचायतीत येतात. अशा ४२ गावांसाठी २०१७ साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यामुळे पैसा शोधण्याआधी आपली कॉलनी कोणाच्या हद्दीत आहे, हे खात्रीने माहीत असले पाहिजे. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे.

जागेचा कागद

बागेसाठी उपलब्ध होणारी जमीन साधारणपणे तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीची अडचण वेगळी असते.

पहिला प्रकार विकास आराखड्यातील आरक्षणाचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या आराखड्यात एखाद्या जमिनीवर बागेचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण टाकता येते. पण आरक्षण पडले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नाही. ती मालकाकडून संपादन करावी लागते, मग मोबदला रोख असेल किंवा विकास हक्क हस्तांतरणाच्या, म्हणजे टीडीआरच्या (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याच्या हक्काच्या) रूपात असेल. याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली आणि तरीही संपादन झाले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाच्या दिशेने कायद्यात सांगितलेली पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे गळून पडते. ही मुदत चालू असताना परिसरातील नागरिकांना बहुधा पत्ताच नसतो आणि एके दिवशी बागेच्या जागेवर पत्र्याचे कुंपण दिसते. आपल्या भागातील आरक्षित जागांची यादी नगररचना विभागातून मागवावी आणि कोणत्या जागेवर अशी नोटीस आली आहे हे माहितीच्या अधिकारात विचारावे, हे मला सर्वांत निकडीचे काम वाटते. १० रुपयांच्या शुल्कात हा अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

दुसरा प्रकार लेआउटमधील खुल्या जागेचा, म्हणजे आपण सगळे ज्याला ओपन स्पेस म्हणतो त्याचा आहे. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना तिच्यातील १० टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते. म्हणजे १०,००० चौरस मीटरच्या लेआउटमध्ये १,००० चौरस मीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. मंजूर लेआउटच्या नकाशात ती जागा नेमकी कुठे दाखवली आहे, हे एक. आणि मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर तिच्यापुढे कोणाचे नाव आहे, हे दुसरे. नाव अजूनही मूळ मालकाचे किंवा विकासकाचे असेल, तर सार्वजनिक निधी देणारे कार्यालय तेथेच थांबते, कारण सरकारी पैसा खाजगी मालकीच्या जागेत घालता येत नाही. शिवाय सार्वजनिक निधी घ्यायचा तर बाग सर्वांना खुली ठेवावी लागते. फाटकाला कुलूप लावून ती कॉलनीपुरती ठेवायची असेल, तर कॉलनीनेच खर्च करावा हे न्यायाचे आहे.

तिसरा प्रकार शासकीय किंवा इतर सार्वजनिक जमिनीचा: तलावाचा काठ, नदीकाठ, वनजमीन, गायरान. पंचगंगेच्या काठावर बाग किंवा वाट मागताना पुराचा विचार आधी करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे, आणि २०१९ व २०२१ साली नदी त्याच्याही कितीतरी वर चढली होती. पूररेषेच्या आत पक्के बांधकाम मागणारा प्रस्ताव मंजूर होणार नाही आणि होऊही नये. झाडे, मुरमाची वाट आणि पाण्याखाली आठ दिवस राहूनही न बिघडणारी दगडी बैठक एवढीच मागणी असेल तर मात्र ती जागा बागेसाठी उत्तम असते, कारण तेथे दुसरे काही करता येत नाही. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी जपण्याविषयी स्पष्ट आदेश दिले आहेत. गायरानाचा वापर बदलण्याचा निर्णय महसूल प्रशासनाच्या हातात असतो; नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर तेथे कुंपण घालणे बरोबर नाही, आणि जनावरे चारणाऱ्यांचा हक्क डावलून केलेली बाग टिकतही नाही.

उभारणीचा पैसा

सरकारी निधीच्या प्रत्येक थैलीवर तिचा हेतू लिहिलेला असतो. तीच बाग, तीच वाट, पण अर्जातील कारण थैलीच्या हेतूशी जुळले तर तिचे तोंड उघडते. हे लबाडीचे काम नाही. बागेचे उपयोग खरोखरच अनेक असतात आणि आपण त्यांपैकी योग्य तो पुढे ठेवायचा असतो.

सर्वांना माहीत असलेली थैली लोकप्रतिनिधींची आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि तीत प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. आमदारांसाठी राज्याचा असाच स्थानिक विकास कार्यक्रम आहे. 'सुचवता येतात' हा शब्द महत्त्वाचा आहे. पैसा लोकप्रतिनिधीच्या हातात येत नाही. त्याचे शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जाते, तेथे जागा, पात्रता आणि खर्चाची तपासणी होते आणि मग काम शासकीय यंत्रणेकडे सोपवले जाते. हा निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण करण्यासाठी आहे, माळ्याच्या पगारासाठी नाही. राज्यसभेचे खासदार ज्या राज्यातून निवडून आले त्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतात, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही.

दुसरी आणि अधिक मोठी थैली जिल्हा वार्षिक योजनेची. तिचा निर्णय जिल्हा नियोजन समिती घेते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. नागरी भागासाठी नगरोत्थान महाअभियानाचा जिल्हास्तरीय निधी तिच्यामार्फत येतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडील क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजनाही आहेत. धावपट्टी, कुंपण, खुली व्यायामशाळा अशा गोष्टी बागेच्या अर्जातून काढून या योजनांत मागितल्या, तर बागेचे अंदाजपत्रक हलके होते. गावाजवळील टेकडी, देवस्थान किंवा धबधबा 'क' वर्ग पर्यटनस्थळ म्हणून मान्य झाला असेल, तर तेथील वाट आणि निवारा यांसाठीही याच समितीकडून पैसा मिळू शकतो.

केंद्राच्या योजनांपैकी अमृत या शहरांतील पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठीच्या योजनेत कोल्हापूरचा समावेश झाला होता. २०१५ सालच्या त्या पहिल्या टप्प्यात हरित क्षेत्रे आणि उद्याने यांसाठी प्रकल्प खर्चाच्या २.५ टक्क्यांपर्यंत वाटा ठेवलेला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अमृत २.० मध्ये पाणीपुरवठ्याबरोबर जलस्रोतांचे पुनरुज्जीवन आणि हरित क्षेत्रे यांनाही जागा आहे. म्हणजे जुन्या तळ्याच्या काठची बाग ही केवळ बाग म्हणून न मागता तळ्याच्या पुनरुज्जीवनाचा भाग म्हणून मागणे अधिक योग्य. रंकाळा तलावाच्या संवर्धनासाठी पूर्वी राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून निधी मंजूर झाला होता. ती योजना २०१३ साली पाणथळ जागांच्या योजनेत मिसळून राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजना झाली. तीत आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. या योजनेत पाण्याची गुणवत्ता हा मुख्य हेतू आहे आणि काठावरचा फिरण्याचा मार्ग हे त्याचे अंग. प्रस्तावात हा क्रम उलटा झाला की तो परत येतो.

एक थैली अशी आहे जिचा बागांशी संबंध पटकन लक्षात येत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांची यादी केली गेली आणि तीत कोल्हापूर आहे. अशा शहरांच्या कृती आराखड्यात रस्त्यावरची धूळ कमी करणे आणि हरित पट्टे तयार करणे ही कामे असतात. उघड्या मातीच्या, धुळीच्या कडेने झाडांची रांग आणि चालण्याची वाट मागणारा अर्ज या आराखड्याचा हवाला देऊन केला तर त्याला आधार मिळतो. मोठ्या क्षेत्रासाठी २०२० सालची नगर वन योजना आहे. पुण्याच्या वारजे येथील वनक्षेत्र हे तिच्यासाठी नमुना ठरले. १० ते ५० हेक्टरांचे नगर वन आणि १ ते १० हेक्टरांची नगर वाटिका अशी तिची रचना आहे आणि साह्य हेक्टरी ४ लाख रुपये असे ठरवले गेले. या आकड्यावरूनच कळते की तीत झाडे, कुंपण आणि पायवाट बसते, कारंजे बसत नाही.

महापालिकेचा स्वतःचा एक झरा मात्र विसरला जातो. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरण असते आणि वृक्ष उपकर घेता येतो. तो झाडांसाठीच वापरायचा असतो. घरफाळ्याच्या बिलावर त्याची ओळ असेल, तर त्या रकमेतून आपल्या विभागात काय झाले हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे अपेक्षित असते. ही भरपाईची झाडे लावायला जागा शोधावी लागते. आपली ओपन स्पेस आपणहून पुढे केली, तर रोपे आणि लावणी यांचा खर्च बहुतांशी सुटतो.

कोणतीही थैली असली तरी कागदाचा प्रवास सारखाच असतो. अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश दिला जातो. अंदाजपत्रक तयार होत असताना रहिवाशांनी हजर राहावे, कारण पुढे काहीही बदलणे अवघड होते. पाण्याची टाकी, नळाची जोडणी, विजेचा मीटर आणि सांडपाण्याची वाट या चार बाबी अंदाजपत्रकात आहेत का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ साधते. दोषदायित्व कालावधी किती आहे हेही विचारून लिहून ठेवावे. त्या मुदतीत मोडलेली वस्तू ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते.

कारखाने, सहकार आणि तालमी

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा पैसा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मधून येतो. जी कंपनी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठते, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम ठरावीक सामाजिक कामांवर खर्च करायची असते. पर्यावरण संतुलन हे त्या कामांपैकी एक आहे, आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक फौंड्री या मर्यादेखाली आहेत. पण मोठ्या कंपन्याही तेथे आहेत, त्यामुळे अर्ज कोणाला करायचा हे आधी त्यांचे वार्षिक अहवाल पाहून ठरवावे. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी, आयकराची १२ए (संस्थेला करसूट देणारे) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत देणारे) ही प्रमाणपत्रे आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर क्रमांक असावा लागतो. या पैशाचा खरा फायदा वेगळाच आहे. नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे, ज्यात सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो. लावलेल्या झाडाला पहिले तीन उन्हाळे जपावे लागते, हे ज्याने झाड लावले आहे त्याला माहीत आहे. म्हणून कंपनीकडे खेळणी मागण्यापेक्षा तीन वर्षांचे पाणी आणि माळी मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्याचा मोठा पैसा मात्र कंपन्यांत नसून सहकारात आहे. साखर कारखाने, दूध संघ, बँका आणि पतसंस्था यांपैकी बहुतेक सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना कलम १३५ चे बंधन लागू होत नाही. त्यांच्याकडे 'तुमचा सीएसआर द्या' असे पत्र घेऊन जाणे हे अपुऱ्या माहितीचे लक्षण ठरते. सहकार कायद्यात निव्वळ नफ्यातील काही भाग अटींच्या अधीन राहून धर्मादाय कामासाठी देण्याची तरतूद आहे. तिचा निर्णय संचालक मंडळ आणि वार्षिक सभेतून होतो. म्हणून पत्र वार्षिक सभेच्या आधी गेले पाहिजे, आणि ज्या सभासदांची मुले त्या बागेत खेळणार आहेत त्यांनीच ते न्यावे.

तालमी आणि तरुण मंडळे हे कोल्हापूरचे असे बळ आहे, जे इतर शहरांना सहज मिळत नाही. पेठेतील तालमीकडे माणसे असतात, उत्सवाचा हिशेब ठेवण्याची सवय असते आणि शब्दाला वजन असते. मात्र वर्गणी जमवताना कायदा सांभाळावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. नोंदणीकृत न्यासाने आपली शिल्लक शेड्यूल्ड बँकेत किंवा शासनमान्य ठिकाणीच ठेवायची असते. ओळखीच्या पतसंस्थेत जादा व्याजासाठी ठेवलेली ठेव विश्वस्तांना अडचणीत आणू शकते. देणगीदाराला ८०जीची सवलत सांगताना दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात: २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही.

पैशाखेरीजची साधने यांहून लवकर मिळतात. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिका, कृषी महाविद्यालयाचे तज्ज्ञ, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांच्याकडे एक पत्र आणि एक भेट पुरते. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून जागेची मोजणी आणि आराखडा करून घेतला, तर अर्जाबरोबर नकाशा जोडता येतो आणि बोलणे नकाशावर होते.

देखभाल: जेथे बाग जगते किंवा मरते

येथे आकडेमोड स्वतःच करावी. समजा कॉलनीत ६० घरे आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला १५० रुपये देते. महिन्याचे ९,००० आणि वर्षाचे १,०८,००० रुपये होतात. एवढ्यात अर्धवेळ माळी, विजेचे बिल आणि किरकोळ दुरुस्ती बसते का, हे मांडून पाहावे. बसत नसेल तर बागेचा आराखडा लहान करावा. लॉन हा यातील सर्वांत महाग भाग आहे. त्याला रोज पाणी लागते, वारंवार कापणी लागते आणि मुलांना त्यावर खेळू दिले तर तो राहत नाही. करंज, जांभूळ, बहावा, ताम्हण, उंबर ही झाडे एकदा धरली की फारसे मागत नाहीत, सावली देतात आणि पाखरे आणतात. पेव्हिंग ब्लॉकच्या ट्रॅकपेक्षा नीट दाबलेल्या मुरमाची वाट गुडघ्यांना सोसते, पाणी जिरवते आणि गावच्या कामगारांकडून दुरुस्त होते. पालापाचोळा जाळण्याऐवजी कोपऱ्यात खताचा खड्डा केला तर खताचा खर्चही वाचतो.

पाणी हा प्रश्न मार्च ते मे या तीन महिन्यांत बागेचा कस पाहतो. पिण्याचे पाणी झाडांना घालणे कोणाच्याही मनाला पटू नये. बोअर, विहीर किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील शुद्ध केलेले पाणी टँकरने आणणे हे मार्ग आहेत. कसबा बावडा आणि दुधाळी येथे अशी केंद्रे आहेत. विजेच्या बाबतीत बागेतील दिवे महापालिकेच्या पथदिव्यांत गणले जाणार की स्वतंत्र मीटरवर, हे आधीच लेखी ठरवावे, कारण थकलेल्या बिलामुळे अंधारात गेलेली बाग संध्याकाळी स्त्रियांसाठी बंद झाल्यासारखीच असते.

हे सगळे एका पानाच्या करारात आणता येते. महापालिका किंवा ग्रामपंचायत कुंपण, मोठी दुरुस्ती आणि झाडांची छाटणी पाहील. रहिवाशांची नोंदणीकृत संस्था झाडलोट, पाणी आणि फाटक उघडणे-बंद करणे पाहील. बाग सर्वांना विनामूल्य खुली राहील. संस्था दर वर्षी हिशेब फलकावर लावेल. बागेच्या बदल्यात जाहिरातीचे हक्क मागणारे प्रायोजकही भेटतात. त्यांच्या नावाच्या एका छोट्या फलकाला हरकत नसावी. झाडांना खिळे ठोकून लावलेल्या पाट्यांना मात्र करारातच मनाई असावी.

पायवाटांचे थोडे वेगळे आहे

शहराबाहेरच्या वाटेला बांधकाम कमी आणि परवानग्या जास्त लागतात. पन्हाळा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असतात. पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर दर पावसाळ्यात शेकडो पावले पडतात. ती कुठे वनजमिनीतून, कुठे शेताच्या बांधावरून, कुठे गावाच्या पाणंदीतून जाते, आणि त्यामुळे तिला एकच मालक नाही. वनजमिनीतील कोणत्याही कामासाठी वन विभागाची संमती हवी. तेथे काँक्रीट मागू नये, दगडी पायऱ्या, दिशाफलक आणि पाणी वळवणारे चर मागावेत. गावातील संयुक्त वन व्यवस्थापन समिती हे त्यासाठीचे योग्य दार आहे. पाणंदीच्या तुकड्यासाठी राज्याची शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहे, आणि पाणंद मोकळी झाली तर तिचा पहिला लाभ शेतकऱ्याला होतो, म्हणून ग्रामसभाही तिच्या बाजूने उभी राहते. ग्रामपंचायतीला केंद्रीय वित्त आयोगाकडून मिळणाऱ्या अनुदानातील बंधनमुक्त भाग गावाच्या गरजेनुसार वापरता येतो, पण ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी यावे लागते.

वेळेचे गणित

सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण निर्णय त्याच्या पुष्कळ आधी होतात. महापालिकेचे अंदाजपत्रक जानेवारी ते मार्चमध्ये आकार घेते, म्हणून उद्यान विभागाकडे आणि आपल्या विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव दिवाळीच्या सुमारास पोचलेला बरा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडाही हिवाळ्यातच ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक निधी संपवण्याची घाई असते. जागेचा कागद, नकाशा, अंदाजपत्रक आणि देखभालीचा करार तयार असलेल्या प्रस्तावाला त्या दिवसांत अनपेक्षितपणे पैसा मिळून जातो. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवी कामे सुरू होत नाहीत, तेव्हा कार्यारंभ आदेशाची तारीख तिच्या अलीकडे यावी असा प्रयत्न असावा.

झाडांचे वेळापत्रक यापेक्षा कडक आहे. रोपे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर जूनच्या उत्तरार्धात लावायची, तर खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावे लागतात आणि रोपांची मागणी त्याच्याही आधी नोंदवावी लागते. खड्डे कोण खणणार आणि पहिल्या उन्हाळ्यात कोणत्या वारी कोणते घर पाणी घालणार, याची नावानिशी यादी केली असेल, तर तीही अर्जाला जोडावी.